चिंचवडला नेलेलं घर

त्या दिवशी दौलतराव स्वतः माळावर आले. एरवी ते गड्याला पाठवत. चैत्रातलं ऊन सकाळीच तापलं होतं. दौलतराव छत्री मिटून बाभळीखाली उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. भैरू कोयत्याला धार लावत होता. हात धोतराला पुशीत तो उठला.

"जी मालक."

"भैरू, आता हितनं उठायला लागंल बाबा."

"कंच्या अंगाला सरकू?"

"सरकायचं न्हवं. उठायचंच. कूळकायदा आलाय. जो जमिनीवर दिसंल त्येचंच नाव लागतंय म्हनं. तू माज्या शब्दाभाईर न्हाईस, ठावं हाय मला. पर उद्या कुनी तुज्या कानात भरवलं तर? पाऊस पडायच्या आत माळ मोकळा कर."

 म्हाळुंग्याच्या शिवेवरचा हा माळ दौलतरावांच्या घराण्याचा. रानाची राखण करायला त्यांच्या वडिलांनी भैरूच्या बापाला डोंगरातून खाली आणलं होतं. तेव्हा इथं ठाकरांची चार-सहा घरं होती. माणसं एकेक करून पांगली. भैरूचा मेव्हणा चिमाजी भोसरीकडच्या दगडखाणीवर गेला. उरलं ते भैरूचं एकट्याचं घर. तो, बायको सोजरा आणि डोळ्यांत फुलं पडलेली म्हातारी आई, आक्काबाई. लेकरं झाली होती, जगली नव्हती.

"लाकडं तुजी तू घिऊन जा," दौलतराव म्हणाले. "त्यात मी हात घालत न्हाई."

जाता जाता त्यांनी छत्रीचं टोक कुडाच्या भिंतीला टोचून बघितलं. लिंपणाचा एक खपला गळून पडला. तो पायानं बाजूला सारून ते पाऊलवाटेला लागले.

सोजरा आतून आली. तिनं खपला उचलला, पाण्यात कालवला आणि जागच्या जागी थापला.

"आता कशापायी लिंपतीस?" भैरू म्हणाला.

"भोक ऱ्हाईलं तर इच्चू शिरंल," सोजरा म्हणाली आणि थापतच राहिली.

त्याच आठवड्यात उद्धवराव आले. चिंचवडला स्टेशनाजवळच्या एका जुन्या बंगल्यात काही मंडळींनी वस्तुसंग्रहालय काढलं होतं, त्याचे हे चिटणीस. गेल्या हिवाळ्यापासून ते डोंगराकडेच्या वाड्यांवर फिरत होते. कुणाकडून मासे धरायची बांबूची टोपली न्यायचे, कुणाकडून ढोल, कुणाकडून कणगी. फुटकी टोपलीसुद्धा धोतराच्या सोग्यानं पुसून, जपून न्यायचे. सोजराला त्याचं हसू यायचं. पण माणूस ओट्यावर बसून नाचणीची भाकरी खायचा, आक्काबाईला 'आजी' म्हणायचा, गाणी सांग म्हणून तिच्यापुढं मांडी घालायचा.

दौलतरावांचा निरोप ऐकून त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग उठून घराभोवती फिरले. मेढी, छप्पर पेलणारे ते दुबेळके खांब, हातानं चाचपल्या. आढ्याकडं मान वर करून बघितलं. धुरानं आढं काळंभोर झालं होतं आणि चकाकत होतं.

"भैरू, हे घर मोडून सरपण करू नकोस. मला दे," ते म्हणाले. "असंच्या असं चिंचवडला नेऊ. बंगल्यामागं मोठं आवार आहे. तूच मोडायचं, तूच उभं करायचं. काम होईपर्यंत तिघांनी तिथंच राहायचं. मजुरी मंडळ देईल."

"आन काम झाल्यावर सायेब?"

"झाल्यावर लोकांना खुलं राहील. तुमची माणसं कशी राहत होती ते लोक आत जाऊन बघतील. नाहीतर भैरू, अजून काही वर्षांनी असं घर कुणाला दिसायचं नाही."

भैरूनं विचारलं होतं एक आणि उत्तर आलं होतं दुसरंच. त्यानं फिरून विचारलं नाही. फिरून विचारलं असतं तर साहेब सरळ नाही म्हणाले असते, आणि मग जायला दुसरी जागा नव्हती.

आक्काबाई जात्याशी बसली होती. भैरू तिच्यापुढं उकिडवा बसला.

"आये, घर चिंचवडाला न्यायचं ठरलंय."

"कुनाच्या जागंत?"

"त्या सायबाच्या मंडळाच्या."

"त्ये उठिवनार न्हाईत ना रं? माज्यानं आता पुना उठवनार न्हाई."

भैरूनं जात्याच्या कडेचं पीठ बोटानं गोळा केलं. "न्हाई उठिवनार," तो म्हणाला.

दुपारी झऱ्यावर पाणी भरताना सोजरा म्हणाली, "म्हातारीला कशापायी फशिवलं?"

"न्हाईतर ती उठली असती व्हय हितनं?"

"आन मग म्होरं?"

"म्होरं सायबाला म्हनंन. रानाची राखन केली, घराची बी करीन. राखनीला मानूस ठेवतीलच की कुनी."

सोजरानं हंडा डोक्यावर घेतला. ती वाटेला लागली.

घर मोडायला घेतलं. आधी छपराचं गवत उतरलं. वरचं कुजलेलं फेकलं, खालचं पिवळं तेवढं पेंढ्या बांधून ठेवलं. वाशांना बांधलेले वाखाचे दोर कोयत्यानं कापले. सांध्यातून उंदराची पिल्लं पडली. कुड उतरताना लिंपणाची धूळ इतकी उडाली की सोजराचे केस पांढरे दिसायला लागले. शेवटी मेढी. भैरूनं पहारीनं बुंध्याची माती उकरली आणि मेढीला मिठी मारून ती हलवली. बापानं पुरलेली मेढ लवकर निघेना. निघाली तेव्हा खाली ओलसर, काळा खड्डा राहिला. आक्काबाई बाभळीखाली बसून आवाजावरून ओळखत होती. "ही दाराकडली," ती म्हणायची. "ही चुलीकडली. हळू रं, हिला वाळवी लागल्याली हाय."

मालमोटार आली तेव्हा म्हातारीनं चुलीतले निखारे मडक्यात भरून घेतले आणि वर राख पसरली. देवांची करंडी काखेत धरली. त्या करंडीत घराण्याचे टाक होते, गेलेल्या वडीलधाऱ्यांचे. एकेका माणसाचा एकेक पातळ पत्रा, त्यावर ठोकून काढलेली आकृती. तिच्या नवऱ्याचाही त्यात होता. मोटारीत लाकडांवर बसून ती थेट चिंचवडपर्यंत मडकं मांडीवर धरून होती. चटका बसायला लागला तसं तिनं खाली पदराची चुंबळ केली, पण मडकं खाली ठेवलं नाही.

चिंचवडचं आवार मोठं होतं. पुढं बंगला, मागं आंब्याची झाडं आणि कुंपणापलीकडं रेल्वेचे रूळ. पलीकडं पिंपरीच्या बाजूला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथली खडखड दिवसभर ऐकू यायची. उद्धवरावांनी जमिनीवर चुन्यानं रेघा मारून ठेवल्या होत्या.

भैरूनं खड्डे घेतले. जमीन मुरमाड होती, पहारीच्या घावानं ठिणग्या उडायच्या. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. कुडाला कारवी कमी पडली, ती उद्धवरावांनी पवन मावळातून आणवली. सोजरानं माती तुडवली. शेण, भाताचं तूस आणि माती गुडघाभर चिखल होईतो ती तुडवत राहायची आणि आक्काबाई कडेला बसून चिमटीत चिखल घेऊन सांगायची, "अजून तूस घाल. तडकंल." जमीन धुमसून घेतली. मग म्हातारीनं सारवायला कुणाला हात लावू दिला नाही. दिसत नव्हतं, पण गुडघ्यांवर सरकत सरकत तिनं हात-हातभर करत सगळं घर सारवून काढलं.

ते घर माळावरल्या घरापेक्षा चांगलं झालं. माळावर बापानं जे घाईनं केलं होतं ते इथं निगुतीनं झालं. संध्याकाळी काम सुटल्यावर भैरू आंब्याखाली बसून घराकडं बघायचा. छपराचा उतार नीट साधला होता. दारातून चुलीचा उजेड दिसायचा. म्हातारीनं आणलेल्या निखाऱ्यांवरच ती चूल पेटली होती आणि सोजरा भाकरी थापताना मध्येच गुणगुणायची. लेकरं गेल्यापासून भैरूनं तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

एक दिवस आक्काबाई म्हणाली, "भैरू, देव बसवायचं."

"बसवू की आये. घाई काय हाय?"

"घरात ऱ्हातूय आन देव करंडीत? एक कोंबडं घिऊन ये."

भैरू सोजराकडं बघायला लागला. सोजरानं मान खाली घातली. एकदा बसवलेला देव घरातल्या थोरल्या माणसानंच उठवायचा, तोही घर सोडतानाच, हे दोघांनाही माहीत होतं.

पण उद्धवरावांच्या कानावर ते गेलंच. त्यांना फार आनंद झाला. "देवाची जागा असल्याशिवाय घर पुरं कसं होईल? बसवा, बसवा," म्हणाले. कोंबडं त्यांनीच आणून दिलं. म्हातारीनं चुलीपलीकडच्या कोपऱ्यात पाट मांडला, टाक एकेक करून चाचपला, नाव घेतलं, शेंदूर लावला आणि बसवला. नवऱ्याचा टाक हातात आला तेव्हा ती थांबली. "बसा आता," ती म्हणाली. "लई फिरलासा." उद्धवराव दाराबाहेर चप्पल काढून, हात जोडून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

मृगाचे ढग दिसायला लागले तसं काम संपलं. शेवटची पेंढी बांधून भैरू खाली उतरला, हातपाय धुऊन बंगल्याच्या पायरीशी गेला.

"सायेब, एक इचारायचं व्हतं. हितं राखनीला मानूस लागंल ना? आमी तिगं हितंच ऱ्हातो. मजुरी नगं."

उद्धवरावांच्या हातात कसले तरी कागद होते. ते त्यांनी बाजूला ठेवले. "भैरू, मी मंडळापुढं हा विषय काढला होता," ते म्हणाले. "तू म्हणायच्या आधीच. त्यांनी ऐकलं नाही. छप्पर गवताचं, आत चूल पेटणार, उद्या आग लागली तर? आणि पहारेकरी बंगल्याला आधीच आहे. घर संग्रहाचं झालं. संग्रहातल्या वस्तूत कुणाला राहता येत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगायला हवं होतं."

"मला कळलं व्हतं सायेब," भैरू म्हणाला. "मीच इचारलं न्हाई."

आईला सांगायला त्याला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी सोजराच म्हणाली, तुमी सांगा न्हाईतर मी सांगते. आक्काबाई सकाळच्या उन्हाला ओट्यावर बसली होती. भैरूनं सगळं सांगितलं. माळावर काय बोललो, का बोललो, साहेब काय म्हणाले, आणि आता चिमाजीकडं खाणीवर जावं लागणार. म्हातारी ऐकत राहिली. ओट्याच्या कडेवर तिचा हात फिरत होता. सारवण वाळून गुळगुळीत झालं होतं.

"मंजी हे घर कुनाचं?" तिनं विचारलं.

"बघायला येनाऱ्यांचं."

"आन ऱ्हानार कोन?"

"कुनी न्हाई, आये."

म्हातारीला ते उमगायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "पाऊस कदी हाय?"

"आला म्हन की."

"मग चला. भिजाया व्हईल."

"देव उठवायचं ना? तुलाच उठवाया लागतील."

आक्काबाई उठून आत गेली. देवांपुढं बसली. भैरूला वाटलं, ती आता पाट उचलेल. पण तिनं नुसता हात टेकला. "तुजा बा जित्तेपनी कदी एका जागी निजला न्हाई," ती म्हणाली. "आज ह्येच्या रानात, उद्या त्येच्या. आता खानीवर त्येला कुटं ठिवशील? फाटक्या तरटाखाली? हितं छप्पर तरी हाय. बसूदे त्येला." आणि चुलीतला विस्तव तिनं स्वतः पाणी शिंपडून विझवला.

खाणीवर चिमाजीनं जागा करून दिली. बांबू वाकवून वर तरट टाकलं होतं, त्यात माणसाला नीट उभं राहता येत नसे. भैरू सुरुंग उडाल्यावर दगड फोडायचा, सोजरा पाट्या वाहायची. पावसानं दगडांची भुकटी चिखल होऊन झोपडीत यायची. आक्काबाई भिंत शोधायला हात पुढं करायची आणि हात ओल्या तरटाला लागायचा. ती तक्रार करत नव्हती. फक्त एकदोनदा सोजराला म्हणाली, "तकडं सारवन उकललं आसंल. सारवाया मानूस नगं का कुनी?"

श्रावणाच्या झडीत तिला ताप भरला. चिमाजीनं आळंदीहून वैद्याचा काढा आणला. तो पोटात राहिला नाही. पावसानं थोडी उघडीप दिली त्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, सोजराच्या मांडीवर तिनं मान टाकली. मुकादमानं भैरूला अर्धा दिवस मोकळीक दिली. जाळायला कोरडं लाकूड मिळेना. चिमाजीनं आपल्या झोपडीचे बांबू काढून दिले.

सुतकाचे दिवस झाल्यावर तिचा टाक करायचा होता. सोजरानं पायातलं जोडवं काढून दिलं. चाकणच्या सोनारानं ते आटवून पत्रा केला आणि त्यावर बाईमाणूस ठोकून काढलं. भैरूनं टाक हातात घेतला. आईला बसवायचं ते बापाच्या शेजारी. आणि बाप चिंचवडला होता.

दोघं पहाटे निघाली आणि चालत पोचली. घराभोवती दोरी बांधली होती. दारापाशी एक पाटी होती. आत मेढीला, जात्याला, उखळाला नंबराच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. देवांच्या पाटालाही एक होती. पहारेकऱ्यानं त्यांना दोरीपाशीच अडवलं. "आत जायचं न्हाई. हिकडनंच बघा," तो म्हणाला. सोजरा म्हणाली, "बघाया न्हाई आलो दादा. मानूस आनलंय." पहारेकऱ्यानं त्यांच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

गलका ऐकून उद्धवराव आले. भैरूनं धोतराच्या कनवटीतून टाक काढून तळहातावर धरला. उद्धवरावांनी तो वाकून बघितला. "आजी?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी स्वतः दोरी सोडली.

भैरूनं आईला बापाशेजारी बसवलं. शेंदूर लावला.  सोजरा पुढं झाली. "आत्याबाय, घर तुमी सारवल्यालं हाय," ती म्हणाली. "बसा."

जमीन खरंच उकलली होती. कोपऱ्यात वाळवीनं मातीचे बोगदे केले होते. सोजरानं पदर खोचला, पहारेकऱ्याकडं शेणाची पाटी मागितली आणि सारवायला बसली. दुपारपर्यंत ती सारवत होती. बघायला आलेली माणसं दाराशी थांबून तिच्याकडं बघत होती. उद्धवराव एका बाजूला उभे होते.

निघताना ते म्हणाले, "भैरू, कसं विचारावं कळत नाही. मंडळाचं म्हणणं आहे, घरात एक बाई बसलेली असली तर लोकांना नीट समजेल. जात्याशी बसायचं, सारवण करायचं. संध्याकाळी दार लावून जायचं. पगार मिळेल. मला वाटतं तू नाही म्हणावंस. पण विचारल्याशिवाय राहवलं नाही."

भैरू ताडकन वळला. "आमी काय जत्रंतलं अस्वल हाय व्हय सायेब?"

उद्धवराव सोडलेली दोरी गुंडाळायला लागले.

"मी बसते," सोजरा म्हणाली.

"सोजरे!"

"अवं, लोक बघत्याल तर बघूद्यात. खानीवर मुकादम बघतोच की. हितं आत्याबाय एकल्या हाईत. सांजसकाळ सारवाया तरी कुनी नगं का?"

 भैरूनं टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि एकटाच भोसरीच्या वाटेला लागला. संध्याकाळी तिला न्यायला तो परत आला.

त्यानंतर सोजरा रोज येऊ लागली. उजाडताना खाणीवरून निघायची, दार उघडायची, झाडायची, देवांपुढं पाणी ठेवायची आणि जात्याशी बसायची. जात्यात दाणे नसायचे. चूल पेटवायची मनाई होती. रेल्वेची गाडी धडधडत गेली की छपरातून बारीक धूळ पडायची, ती तेवढी पुन्हा झाडून काढायची.

दसऱ्याच्या सुमाराला पुण्याच्या एका कन्याशाळेच्या बाई मुलींना घेऊन आल्या. मुली आत शिरल्या, आढ्याकडं बघायला लागल्या, उखळात वाकून बघायला लागल्या. बाईंनी सोजराजवळ बसून मायेनं विचारपूस केली. भिंती कशाच्या, छप्पर किती वर्षं टिकतं, जातं कुणी टाकी लावून दिलं. सोजरा सांगत गेली. मग बाईंनी घरभर नजर फिरवली.

"किती छान, स्वच्छ ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथंच राहता?"

"न्हाई," सोजरा म्हणाली. "हितं माज्या सासूबाय ऱ्हात्यात."

बाईंनी इकडं तिकडं बघितलं. घरात दुसरं कुणी दिसेना. त्यांनी आवाज खाली आणला. "झोपल्यात का?"

"व्हय," सोजरा म्हणाली आणि मुलींना बाजूला घेऊन तिनं कोपऱ्यातल्या पाटाकडची वाट मोकळी ठेवली.